तोमार: नदीकाठच्या टेम्प्लर गावात पहिल्यांदा जाताना

पोर्तुगालला जाणारी आपली मंडळी लिस्बन, सिंत्रा आणि पोर्तो करून परततात. ज्यांच्या हाताशी आणखी दोन दिवस आहेत आणि ज्यांना राजधानीच्या गर्दीबाहेरचं एखादं जुनं गाव निवांत बघायचं आहे, त्यांनी तोमारला जावं. लिस्बनच्या ईशान्येला साधारण १४० किलोमीटरवर, नाबांव नदीच्या काठी हे गाव वसलंय. नदीच्या पश्चिमेला जुनी पेठ, पेठेच्या पाठीशी डोंगर आणि डोंगरावर टेम्प्लर या लढवय्या ख्रिस्ती धर्मसंघाचा बाराव्या शतकातला किल्ला. त्याच किल्ल्याच्या आवारात पुढची चार-पाचशे वर्षं वाढत गेलेला एक अवाढव्य मठ आहे. १९८३ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

बहुतेक पर्यटक सकाळच्या गाडीने येतात, धापा टाकत मठ गाठतात, एका प्रसिद्ध खिडकीसमोर फोटो काढतात आणि संध्याकाळी लिस्बनला परततात. असं करू नका. मठालाच अर्धा दिवस लागतो, आणि गाव खरं उघडतं ते सहलीच्या बसेस निघून गेल्यावर. किमान एक रात्र राहा. दोन राहिलात तर आजूबाजूचंही होईल. पुढचं सगळं दोन दिवस धरून सांगतो.

कधी जायचं

एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. तोमार समुद्रापासून आत आहे, त्यामुळे लिस्बनला लागणारा वारा इथे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या वर सहज जातो आणि डोंगर चढायचा असतो भर उन्हात. हिवाळा आपल्याला फार बोचणारा नसतो, पण पाऊस तेव्हाच पडतो आणि गावातली गुळगुळीत दगडी फरसबंदी ओली झाली की पाय घसरतात.

१ मार्च हा तोमारचा स्थापनादिन. ११६० साली त्या दिवशी किल्ल्याचं काम सुरू झालं असं मानतात. त्या दिवशी गावाला सुट्टी आणि मठ बंद. ईस्टरचा रविवार, १ मे, नाताळ आणि १ जानेवारी या दिवशीही मठ बंद असतो. ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेच्या आसपास गेलात तर सांता इरिया या संत स्त्रीच्या नावाची जत्रा भरलेली असेल. अंजीर, मनुका, बदाम, अक्रोड यांचा बाजार हा तिचा जुना भाग. दंतकथा अशी, की इरियाला इथे मारून नदीत टाकलं आणि तिचं शव नाबांवमधून झेझेरमध्ये, झेझेरमधून तेजू नदीत वाहत थेट सांतारेंपर्यंत गेलं. सांतारें शहराचं नाव तिच्यावरूनच पडलं. नकाशा काढून पाहिलात तर नद्यांचा क्रम बरोबर लागतो.

व्हिसा, पैसे आणि इतर किरकोळ

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. नियम एवढाच लक्षात ठेवा: ज्या शेंगेन देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज. युरोपच्या मोठ्या दौऱ्यात पोर्तुगालला तीनच दिवस असतील तर अर्ज पोर्तुगालकडे करून चालणार नाही. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. किमान तीस हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवासविमा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीची वेळ मिळणं हीच खरी अडचण, म्हणून मे महिन्यात जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच कामाला लागा.

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही. आखातात किंवा युरोपात कुठेतरी बदलावं लागतं. घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. आपल्याकडचे दोन गोल पिनांचे चार्जर बहुतेक चालतात, तीन पिनांचे चालत नाहीत. कार्ड सगळीकडे घेतात म्हणतात, पण गावातल्या छोट्या कॅफेत दोन युरोच्या कॉफीला कार्ड काढलंत की मालकाचा चेहरा पडतो, तेव्हा थोडी नाणी जवळ असू द्या. नळाचं पाणी बिनदिक्कत प्या.

लिस्बनहून गाडी

गाडी भाड्याने घेऊ नका, रेल्वे उत्तम आहे. लिस्बनच्या सांता अपोलोनिया स्थानकातून तोमारसाठी दिवसभर प्रादेशिक गाड्या सुटतात आणि दोन तासांच्या आसपास पोचवतात. याच गाड्या ओरिएन्ते स्थानकात थांबतात. विमानतळावरून परस्पर येत असाल तर मेट्रोने ओरिएन्ते गाठा, तीनच स्थानकं आहेत.

या गाड्यांना आरक्षण नसतं. तिकीट काढायचं, मिळेल तिथे बसायचं. भाडं ठरलेलं असतं, त्यामुळे महिनाभर आधी काढून स्वस्त पडेल अशी भानगड नाही. ६५ वर्षांवरच्यांना निम्मं तिकीट आहे, त्यासाठी वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट दाखवावा लागतो. आईवडिलांना घेऊन जात असाल तर खिडकीवर हे स्वतःहून सांगा, यंत्रावरून घाईघाईत पूर्ण तिकीट काढून मोकळे होऊ नका.

काही गाड्या थेट तोमारला जातात, काहींना एन्त्रोंकामेंतो किंवा लामारोझाला बदल असतो. वेळापत्रकात बदलाची खूण बघून ठेवा. लामारोझा हे आडबाजूचं छोटं स्थानक आहे, तिथे चुकलात तर पुढच्या गाडीपर्यंत करमणुकीला फलाटच. स्थानकाच्या घोषणेत गावाचं नाव 'तुमार' असं ऐकू येतं. लिस्बनहून जाताना उजवीकडची खिडकी धरा. सुरुवातीचा बराच वेळ तेजू नदी त्या बाजूने सोबत असते.

तोमार हे शेवटचं स्थानक, त्यामुळे उतरायचं राहून जाईल ही भीती नाही. बसस्थानकही शेजारीच आहे. तिथून पेठ चालत दहा मिनिटं. समोर जे मोठं मैदान लागतं त्याच्या कडेला जुना सान फ्रान्सिस्को मठ आहे, आणि त्यात चक्क काडेपेट्यांचं संग्रहालय. आकिलीश द मोता लिमा नावाच्या तोमारच्या गृहस्थांनी १९५३ मध्ये, लंडनला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक पाहायला जाताना हा नाद सुरू केला आणि पुढे चाळीस हजारांहून जास्त काडेपेट्या गोळा करून गावाला दिल्या. हे संग्रहालय परतीच्या दिवसासाठी ठेवा. गाडीला पाऊण तास उरला की करायला याहून चांगलं काही नाही.

पहिली दुपार: आधी नदी, मग डोंगर

सामान टाकलं की लोक सरळ किल्ल्याकडे निघतात. तुम्ही नदीकडे जा. दुपारी तीन-चारला पोचून मठ बघणं म्हणजे तिकिटाचे पैसे अर्धे वाया घालवणं.

नाबांव ही मोठी नदी नाही. मुळा-मुठेहूनही अरुंद, पण बारमाही वाहती आणि स्वच्छ. गावाच्या मधोमध तिच्यात मोशांव नावाचं बेट आहे, त्यावर बाग. बेटाच्या टोकाशी एक भलंथोरलं लाकडी चाक पाण्यावर फिरत असतं. कोकणातल्या माणसाला ते काय आहे हे सांगावं लागत नाही: रहाटगाडगंच आहे, परिघावर बांधलेल्या मातीच्या मडक्यांसकट. फरक इतकाच, की इथे बैल नाही, प्रवाहच चाक ढकलतो. मडकी खाली बुडतात, भरून वर जातात आणि माथ्यावर पन्हळीत रिकामी होतात. शेतीला पाणी देणारी अशी चाकं या नदीवर पूर्वी पुष्कळ होती. आता हे एक निगुतीने राखलेलं आहे. पाच मिनिटं उभं राहून बघा, विशेषतः मुलं बरोबर असतील तर.

बेटाच्या खालच्या अंगाला जुना दगडी पूल आणि काठाने पाणचक्क्यांच्या इमारती आहेत. पिठाच्या गिरण्या, तेलाचे घाणे, पुढे वीजघर, सगळं याच पाटाच्या पाण्यावर चाललं. एकेकाळी ही सारी मालमत्ता वरच्या मठवाल्यांची होती. वर तलवार आणि प्रार्थना, खाली पीठ आणि तेल, असा तो कारभार.

पूल ओलांडून पूर्वेच्या काठाने दक्षिणेकडे दहा-बारा मिनिटं चाललात की सांता मारिया दु ओलिव्हाल हे चर्च लागतं. इथे फारसं कुणी येत नाही. दिसायला साधं, आत उतरायला पायऱ्या, शेजारी सुटा बुरुजासारखा मनोरा. गावाचा आणि किल्ल्याचा संस्थापक ग्वाल्दिम पाइश ११९५ मध्ये वारला, त्याचा शिलालेख इथल्या भिंतीत आहे. टेम्प्लर संघाचा तो पोर्तुगालमधला प्रमुख. संघाच्या प्रमुखांना इथेच पुरत.

गोवा-कोकणाशी असलेला तोमारचा धागा याच चर्चमध्ये सापडतो. टेम्प्लर संघ १३१२ मध्ये पोपने बरखास्त केला. पोर्तुगालचा राजा दिनिश हुशार निघाला. त्याने १३१९ मध्ये 'ख्रिस्ताचा संघ' नावाने नवी संस्था काढून जुन्यांची मालमत्ता तिच्याकडे वळवली. काही दशकांनी तिचं मुख्यालय तोमारला आलं. १४२० पासून राजपुत्र एन्रिक, ज्याला आपण शाळेत 'हेन्री द नॅव्हिगेटर' म्हणून शिकलो, तो संघाचा कारभारी होता, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याने निघालेल्या मोहिमांना या संघाचा पैसा लागला. गलबतांच्या शिडांवरचा तांबडा क्रूस तो हाच. पुढे पोपने समुद्रापलीकडे जिंकलेल्या मुलखाचा धार्मिक अधिकारही संघाला दिला आणि तो चालवायचा तोमारच्या धर्मगुरूने. मदैरा बेटावरच्या फुंशालला वेगळा धर्मप्रांत झाला १५१४ मध्ये, तेव्हा हा अधिकार तोमारकडून तिकडे गेला. गोवा पोर्तुगीजांनी घेतलं १५१० मध्ये. म्हणजे पहिली काही वर्षं गोव्यातल्या चर्चचा वरिष्ठ अधिकारी बसत होता तो या गावात. गोव्याला स्वतःचा धर्मप्रांत मिळायला १५३४ उजाडलं. जुन्या गोव्यात फिरताना हे कुणी सांगत नाही, आणि तोमारमधले फलकही गोव्याबद्दल मुकेच आहेत.

संध्याकाळी परत पेठेत या. मुख्य रस्त्याला सगळे कोरेदोरा म्हणतात. तो वाहनांना बंद आहे आणि सरळ चौकात जातो. चौकात काळ्या-पांढऱ्या दगडांचा पट, मध्यभागी ग्वाल्दिम पाइशचा पुतळा, एका बाजूला नगरपालिका, समोर सान जुआंव बाप्तिश्ता चर्च आणि त्याचा उंच मनोरा. कॅफेच्या खुर्चीत बसा, एक कॉफी मागवा. दुसरी मागवली नाही म्हणून कुणी उठवत नाही.

दुसरी सकाळ: किल्ला आणि मठ

नऊला दार उघडतं. त्या वेळी दारात असा. दहा-साडेदहानंतर लिस्बनहून बसेस येऊ लागतात. उन्हाळ्याच्या महिन्यांत साडेसहापर्यंत आणि इतर वेळी साडेपाचपर्यंत उघडं असतं, पण शेवटचा प्रवेश त्याआधी बंद होतो. तिकिटाचा दर गेल्या काही वर्षांत बराच वाढलाय, निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या.

नगरपालिकेच्या मागून चढ सुरू होतो. धडधाकट माणसाला पंधरा-वीस मिनिटं. गुडघ्यांची तक्रार असेल तर टॅक्सी करा किंवा चौकातली टुकटुक. होय, पोर्तुगालमध्ये पर्यटकांसाठी आपली तीनचाकी रिक्षा फिरते, आपल्या दसपट भाड्यात. वर सगळीकडे दगडी पायऱ्या आणि चढउतार आहेत, तेव्हा बुटांचा तळ खरखरीत हवा.

आत शिरताना तटबंदीचा पाया नीट बघा. भिंत सरळ जमिनीत न जाता खाली पसरट उताराने बाहेर आलेली आहे. शत्रूच्या शिड्या आणि सुरुंग भिंतीला भिडू नयेत म्हणून ही युक्ती. टेम्प्लरांनी ती पूर्वेकडच्या लढायांत पाहिलेली. ११९० मध्ये मोरोक्कोच्या अल्मोहाद सुलतानाने मोठी फौज घेऊन इथे वेढा घातला. म्हातारा ग्वाल्दिम पाइश आत होता. सहा दिवसांनी वेढा उठला.

मठात गेल्यावर क्रम असा ठेवा.

आधी दोन जुने चौक, ओवऱ्यांनी वेढलेले. हे एन्रिकच्या काळातले, पंधराव्या शतकातले. एकात कपडे धुतले जात, दुसऱ्यात संघाच्या लोकांना पुरत. त्या दुसऱ्या चौकात भिंतीतली एक थोरली कबर वास्को द गामाचा भाऊ दियोगो द गामा याची म्हणून दाखवतात.

मग शारोला. टेम्प्लरांचं मूळ चर्च, बाराव्या शतकातलं, गोल. बाहेरून सोळा बाजू, आत मधोमध आठ खांबांची उंच छत्री आणि तिच्याभोवती प्रदक्षिणेचा मार्ग. जेरुसलेमच्या वास्तूंवरून ते बेतलं असं अभ्यासक सांगतात. घोडेस्वार घोड्यावर बसल्या बसल्याच गोल फिरत प्रार्थना ऐकत, अशी लोककथा आहे. इतिहासकार हसतात, पण मार्गदर्शक सांगायचं सोडत नाहीत. आतली चित्रं, सोनेरी नक्षी आणि लाकडी मूर्ती सोळाव्या शतकात राजा मानुएलच्या वेळी चढवलेल्या. डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं द्या, मग वर बघा. गट आला तर भिंतीला टेकून थांबा, तो दहा मिनिटांत पुढे जातो.

मानुएल स्वतःच या संघाचा प्रमुख होता. त्याने गोल चर्चला पश्चिमेकडे लांब सभागृह जोडलं, आणि त्या सभागृहाच्या बाहेरच्या अंगाला ती खिडकी आहे. आतून ती कळत नाही. सांता बार्बाराच्या छोट्या चौकाच्या गच्चीवर या, तिथून समोरासमोर दिसते. दियोगो दि आरुदा या शिल्पकाराचं हे काम, १५१० नंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. इकडे आल्फोन्सो द आल्बुकर्क गोव्यात पाय रोवत होता, तेव्हा तिकडे हे छिन्नीकाम चाललं होतं.

फोटो काढण्याआधी खालून वर वाचत जा. अगदी तळाशी एका दाढीवाल्या माणसाचं धड आहे, त्याच्या पाठीवर मुळांचा गुंता. मुळांतून दोन्ही बाजूंनी खांब वर चढतात, पण ते खांब गुळगुळीत नाहीत: पोवळ्यांच्या फांद्या, समुद्री शेवाळ, साखळ्या आणि गाठी मारलेले जाडजूड दोर, दोरांना तरंगासाठी लावतात तसे बुचाचे गोळे. दोन्ही अंगांना नभोगोल, म्हणजे आकाशातली वर्तुळं दाखवणारं खलाशांचं यंत्र, ते मानुएलचं निजी चिन्ह. सगळ्यांच्या वर संघाचा क्रूस. शेजारच्या दोन बुरुजांपैकी एकाला दगडी पट्टा आवळलाय, त्याचं बक्कलसुद्धा कोरलेलं, आणि दुसऱ्याला साखळी. हे दोन परदेशी सरदारी सन्मानांचे उल्लेख आहेत असं मानतात. दगडाला समुद्रातून उपसून आणल्याचा आव आणलाय, आणि समुद्र इथून कितीतरी कोस दूर.

ज्यांनी जुन्या गोव्यातलं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च बघितलंय, त्यांना त्याचा काळसर दगडाचा मुख्य दरवाजा आठवेल. बाकी चर्च नंतरचं, पण तो दरवाजा याच मानुएलिन शैलीतला आहे. रोझरी चर्चमध्येही या शैलीच्या खुणा आहेत. तोमारला जाण्याआधी गोव्यात ही दोन्ही बघून ठेवली तर इथे नजर लवकर बसते.

यानंतरचा मोठा चौक राजा तिसऱ्या जुआंवचा. एकदम वेगळी भाषा: नक्षी गायब, मोजूनमापून उभे केलेले खांब आणि कमानी, कोपऱ्यांत गोल जिने. जिन्याने गच्चीवर जाता येत असेल तर जरूर जा. याच मठात १५८१ मध्ये पोर्तुगालच्या दरबाराने स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला राजा म्हणून मान्यता दिली. तिथपासून १६४० पर्यंत गोवा, चौल आणि वसईचा मालक स्पेनच्याच गादीवर बसलेला होता. वसईच्या किल्ल्यात फिरणाऱ्यांनी हे गाव त्यासाठीही लक्षात ठेवावं.

शेवटी भिक्षूंच्या खोल्यांचा लांबलचक बोळ, भोजनगृह आणि स्वयंपाकघर. गरिबांना पाव वाटायचा चौकही इथलाच. तोवर पाय बोलू लागलेले असतात. सगळं मिळून तीन ते चार तास धरा. पाण्याची बाटली जवळ ठेवा.

खाली पेठेत: सिनेगॉग

पेठेतल्या एका अरुंद गल्लीत, घरांच्या ओळीत, बाहेरून सहज चुकेल असं पंधराव्या शतकातलं सिनेगॉग आहे. एकच चौकोनी खोली, मधे चार सडपातळ खांब. वर कोपऱ्यांकडे लक्ष द्या, भिंतीत छोटी भोकं दिसतील. आत उलटी मडकी चिणलेली आहेत, आवाज घुमावा म्हणून. १४९६ मध्ये मानुएलने ज्यूंना धर्म बदला किंवा देश सोडा असं फर्मावलं आणि ही खोली बंद पडली. पुढे तुरुंग झाली, चर्च झाली, वखारही झाली. १९२३ मध्ये सॅम्युअल श्वार्झ या पोलंडहून आलेल्या ज्यू खाण अभियंत्याने ती विकत घेऊन साफ केली आणि नंतर सरकारला दिली. आतल्या संग्रहालयाला अब्राहम झाकुतो या खगोलशास्त्रज्ञाचं नाव आहे. वास्को द गामाने वाटेत अक्षांश काढायला झाकुतोची कोष्टकं नेली होती. ज्याच्या गणितावर जहाज कालिकतला पोचलं, त्याला स्वतःला मात्र देश सोडावा लागला.

खाण्याचं काय

सामिष खाणाऱ्यांना चिंता नाही: बकालाव, म्हणजे खारवलेला सुका कॉड मासा, शेळीचं मांस, डुकराचं मांस, सगळं भरपूर. दुपारी 'प्रातु दु दिया' म्हणजे आजची थाळी मागा, स्वस्त आणि ताजी असते. जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात: दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. चार वाजता भूक लागली तर कॅफेतला पावच.

बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा, कुणाला वाईट वाटत नाही.

शाकाहाऱ्यांनी थोडं सावध राहायचं. 'सें कार्ने, सें पैश', मांस नको, मासा नको, एवढं म्हणता आलं पाहिजे. हिरव्या पालेभाजीचं 'काल्दु व्हेर्द' हे सूप निरागस दिसतं, पण त्यात सॉसेजची चकती टाकायची पद्धत आहे. ती मागतानाच नको म्हणून सांगा आणि सूप कशाच्या पाण्यात केलंय तेही विचारा. भाज्यांचं साधं सूप, भात, बटाटे, कोशिंबीर, अंड्याचं ऑम्लेट आणि या भागातलं शेळी-मेंढीचं चीज यावर दोन दिवस आरामात निघतात. बरोबर थेपले किंवा मेतकूट असेल तर उत्तमच.

अंडं न खाणाऱ्यांनी गोडाच्या दुकानात आधी चौकशी करावी. पोर्तुगीज मिठाई म्हणजे पिवळ्या बलकाचं साम्राज्य. 'फातियाश दि तोमार' ही इथली खासियत बशीत आली की पाकात मुरलेला शाही तुकडा वाटतो. प्रत्यक्षात त्यात पावाचा कण नाही. नुसते बलक खूप वेळ फेटायचे, गावातल्या पत्राकामगारांनी घडवलेल्या खास झाकणाच्या भांड्यात वाफेवर शिजवायचे, त्या गोळ्याचे काप करायचे आणि पाकात सोडायचे. खाणाऱ्यांनी एक काप दोघांत घ्यावा. गोड खाणारा माणूसही दुसऱ्या कापाला हात आखडतो.

तिसरा दिवस असेल तर

मठाला पाणी आणणारा पेगोंइशचा जलसेतू गावाबाहेर दोन-तीन किलोमीटरवर आहे. एकूण सहा किलोमीटर लांब, १८० कमानी, १५९३ ला सुरुवात. दरी ओलांडताना कमानींवर कमानी अशी तीस मीटर उंची गाठतो. वरच्या पन्हळीच्या कडेने लोक चालतात, पण कठडा नाही. फोटोसाठी वर चढू नका, खालून तो जास्त चांगला दिसतो.

दुसरा पर्याय आल्मुरोल. तेजू नदीच्या मधोमध खडकाच्या बेटावर उभा छोटा किल्ला, ११७१ मध्ये याच ग्वाल्दिम पाइशने नव्याने बांधलेला. तोमारहून रेल्वेने एन्त्रोंकामेंतोला यायचं, तिथून दुसऱ्या मार्गाची गाडी पकडून आल्मुरोलच्या छोट्या थांब्यावर उतरायचं आणि नदीकाठी चालत जायचं. गाड्या मोजक्याच असतात, परतीची वेळ उतरण्याआधी लिहून घ्या. बेटावर होडीने नेतात. नदीला पाणी जास्त असलं की होडी बंद, आणि मग काठावरूनच समाधान मानायचं. फातिमा हे ख्रिस्ती तीर्थक्षेत्र तोमारहून तीसेक किलोमीटर. मोटार असेल तरच ते सहज जमतं.

आणि ज्यांना तारखा जुळवता येतात त्यांच्यासाठी: दर चार वर्षांनी जुलैच्या सुरुवातीला इथे 'फेश्ता दुश ताबुलैरुश' हा उत्सव होतो. मागचा २०२३ मध्ये झाला, पुढचा २०२७ मध्ये. पांढऱ्या वेशातल्या शेकडो मुली डोक्यावर स्वतःच्या उंचीइतका मनोरा घेऊन मिरवणुकीने गावभर फिरतात. वेताच्या काड्यांत ओवलेले तीस पाव, मधे कागदी फुलं, वर मुकुट आणि त्यावर कबुतर किंवा संघाचा क्रूस. वजन पंधरा किलोच्या आसपास, म्हणून प्रत्येकीबरोबर आधाराला एक मुलगा चालतो. दुसऱ्या दिवशी गरजूंना पाव आणि मांस वाटतात. गल्ल्यांवर रहिवासी महिनोन्‌महिने खपून केलेली कागदी फुलं टांगतात. मुख्य मिरवणूक रविवारी असते. त्या आठवड्यात तोमारमध्ये खोली मिळणं जवळजवळ अशक्य, तेव्हा वर्षभर आधी ठरवा. नाहीच जमलं तर एन्त्रोंकामेंतो किंवा तोरेश नोव्हाशला मुक्काम करा आणि मिरवणुकीच्या दिवशी सकाळी लवकर गाव गाठा. मिरवणूक दुपारी असली तरी सावलीतल्या जागा सकाळीच जातात. टोपी आणि पाणी विसरू नका.